वजन, उंची, लस आणि बंदूक

बालरोगतज्ज्ञाचं काम म्हणजे मुलांना औषध देणं, असं बाहेरच्यांना वाटतं. औषध हा त्यातला लहानसा भाग. बाकी सगळे प्रश्न विचारणं. बाळ रांगतं का, जिन्याला कठडा आहे का, बाथरूममध्ये भरलेली बादली उघडी राहते का, फिनाइल कुठे ठेवता, संडास साफ करायचं ॲसिड पाण्याच्या बाटलीत तर ठेवत नाही ना. एका हाताने लस टोचायची आणि रडणं थांबेपर्यंत हे विचारून घ्यायचं. आया बाळाला थोपटता थोपटता उत्तरं देतात. ऐकून काही करतात, काही करत नाहीत.

जयपूरच्या प्रताप नगरात माझा दवाखाना आहे. नवरा विमा कंपनीत; त्याच्या बदलीमुळे अमरावतीहून इथे आले. पुढे त्याची बदली परत महाराष्ट्रात झाली, तोवर दवाखान्याचा जम बसला होता. मी म्हटलं, तू जा, मी थांबते. निवृत्त होऊन तोच परत इथे आला. माझ्या यादीत आणखी एक प्रश्न आहे, जो अमरावतीला असते तर बहुधा कधीच सुचला नसता. ‘घरात बंदूक आहे का?’ हा तो प्रश्न.

तो सुचायला मला फार उशीर झाला, आणि त्या उशिराची किंमत दुसऱ्याच्या मुलींनी मोजली. म्हणून आधी ते सांगते. बोलणं अर्थातच हिंदीत झालं होतं. मी बरंचसं मराठीत लिहिते आहे.

रामधन मूळचा बस्सीकडच्या एका खेड्यातला. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका कारखान्यात तो गनमॅन होता. साध्या चौकीदारापेक्षा गनमॅनला मान जास्त, पण त्यासाठी बंदूक आणि परवाना स्वतःचा लागतो. पाळी संपली की बंदूक खांद्याला अडकवून तो घरी यायचा. हे सगळं मला माहीत होतं. त्याच्या दोन्ही मुली, सुमन आणि कविता, जन्मापासून माझ्याकडे येत. दर वेळी मी त्यांचं वजन केलं, उंची मोजली, एकही लस चुकू दिली नाही. कित्येकदा रामधन थेट कामावरून, गणवेशातच त्यांना घेऊन आला. तरी माझ्या डोक्यात कधी आलं नाही की ही बंदूक मुलींच्या खोलीतच झोपते.

ती खाटेखाली, गोधड्यांच्या ट्रंकेमागे असायची. एका दुपारी पाच वर्षांच्या कविताने ती ओढून काढली. आठ वर्षांची सुमन दारात उभी होती. बंदूक उडाली आणि छर्रे सुमनच्या खांद्यात आणि दंडात गेले.

मी तिला बघायला मोठ्या हॉस्पिटलात गेले तेव्हा शस्त्रक्रिया झाली होती. जीव वाचला होता. रामधन कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. मला बघून उठला, हात जोडले आणि म्हणाला, “डॉक्टरसाब, आपने फिनाइल का बोला था. फिनाइल मैंने ऊपर रख दिया था.”

तो तक्रार करत नव्हता. ‘तुम्ही सांगितलं ते मी सगळं ऐकलं होतं,’ एवढंच मला सांगू बघत होता. आणि ते खरं होतं. फिनाइल वर होतं, बादली पालथी होती, जिन्याला त्याने स्वतः तारेची जाळी लावली होती. मी सांगितलेली एकूण एक गोष्ट त्या माणसाने केली होती. बंदुकीचं मी सांगितलं नव्हतं.

सुमनचा उजवा कोपर पुढे कधी पूर्ण वाकला नाही. तिने डाव्या हाताने लिहायला घेतलं आणि वर्षभरात तिचं अक्षर वर्गात सगळ्यांत चांगलं झालं. जखम सुमनला झाली, पण आवाज गेला कविताचा. सात महिने ती पोर बोलली नाही. दवाखान्यात यायची, वजनकाट्यावर उभी राहायची, काकडीचं चित्र दाखवलं तर बोट लावायची, शब्द नाही. एके दिवशी सुमनने आपली वही माझ्यासमोर धरली, तेव्हा कविता मागून हळूच म्हणाली, “दीदी ने उल्टे हाथ से लिखा है.” मी वही डोळ्यांसमोर धरून बराच वेळ वाचत राहिले. अक्षरं दिसत नव्हती.

रामधनवर केस झाली, परवाना गेला. तो काठी घेऊन फाटकावर उभा राहू लागला. मला कुणी दोष दिला नाही. तो मीच द्यायचा होता.

तर प्रश्न विचारायचा ठरला; पण उत्तर ‘हो’ आलं तर पुढे काय सांगायचं? मी जन्मात बंदुकीला हात लावला नव्हता. मग मी भंवरसिंहजींना गाठलं. हे निवृत्त सुभेदार, माझ्या एका छोट्या पेशंटचे, नंदिनीचे आजोबा. घरात सगळे त्यांना ‘दादोसा’ म्हणत. उंच, ताठ, मिशा अशा की ताप आलेली मुलंही रडायची थांबून बघत राहत. त्यांच्या घरी वडिलांच्या वेळची दुनळी बंदूक होती. दसऱ्याला ती लाल कापडावर ठेवून तिची पूजा व्हायची.

मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी लोखंडी कपाटातून बंदूक काढली, नळी जमिनीकडे ठेवून मधोमध दुमडून उघडली आणि दोन्ही रिकामी भोकं दाखवली. “पहिला धडा. कुणीही सांगो की रिकामी आहे, आपण उघडून बघायचं. दुसरा, घरात ती भरलेली कधीच ठेवायची नाही. तिसरा, बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या खोलीत दुसऱ्या कुलपात. चौथा, किल्ली फक्त एकाकडे.”

“चाप किती जड असतो? अगदी दोन-तीन वर्षांच्या मुलाला ओढता येईल?”

“छोट्या मुलाच्या बोटात एवढी ताकद नसते,” ते म्हणाले.

बंदुकीचं त्यांना ठाऊक होतं, पण मुलांच्या हातांचं मला ठाऊक होतं. मी म्हटलं, “मूल एका बोटाने ओढणार नाही, दादोसा. जड काही असलं की ते दोन्ही अंगठे लावून दाबतं. कुठलंही झाकण उघडताना बघा. आणि अंगठ्याने दाबायचं म्हणजे दस्ता पुढे, आणि नळी...”

“स्वतःकडे,” ते म्हणाले. त्यांनी बंदूक हळूच टेबलावर ठेवली. चाळीस वर्षं हत्यारं हाताळलेला माणूस, पण हे त्यांनी कधी मनाशी आणलं नव्हतं. मीही तोपर्यंत आणलं नव्हतं.

त्यानंतर मी प्रत्येकाला विचारू लागले. दवाखान्यात नंबर लावणाऱ्या मंजूजी पहिला आठवडा दारातून कान लावून ऐकत होत्या. एक बाई खो-खो हसली, “हम जैन हैं मॅडम, मच्छर भी नहीं मारते!” जमिनीचे व्यवहार करणारे एक गृहस्थ मात्र भडकले. “तुम्ही डॉक्टर आहात की पोलीस?” आणि बायको-मुलाला घेऊन तरातरा निघून गेले. पुढच्या लशीला बायको एकटी आली आणि कुजबुजली, “उशीखाली पिस्तूल असतं. भरलेलं.” मी म्हटलं, त्यांना एकदा घेऊन या, सांगा, बाळाच्या वजनाबद्दल बोलायचं आहे.

ते आले. दीड वर्षाचा मुलगा मांडीवरून उतरून माझ्या टेबलाशी खेळू लागला. गृहस्थ मला समजावत होते की लहान मुलाला काय कळतं, आणि शिवाय उशी उंचावर असते. मी फक्त टेबलाच्या माझ्या बाजूकडे बोट केलं. पोराने माझी पिशवी ओढून आणली होती, तिच्यावर चढून वरचा खण उघडला होता, आणि कानात बघायची माझी बॅटरी काढून तिचं बटण दाबलं होतं. प्रकाश सरळ स्वतःच्या डोळ्यात. आणि हसत होता.

गृहस्थांचा चेहरा उतरला. पुढच्या आठवड्यात त्यांनी आकड्यांच्या कुलपाची लहान तिजोरी घेतली आणि स्वतः येऊन मला तसं सांगून गेले.

इतकी वर्षं मुलं बघते आहे, तरी त्या दीड वर्षाच्या पोराने मला थक्क केलं. कुणी शिकवलं नाही, कुणी दाखवलं नाही. मोठी माणसं बोलत असतात तेव्हा मुलं घर पाठ करत असतात. कुठली वस्तू कुठे जाते, कुठल्या खणाला आवाज होतो, आई किल्ली कुठे टाकते. आपण लपवतो ते फक्त दुसऱ्या मोठ्यांपासून.

हे सगळं मी तान्ह्या आणि लहान मुलांसाठी करत होते. मोठ्या मुलांचा धडा मला नंदिनीने दिला.

ती तेव्हा सोळा वर्षांची होती, डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत होती. वडील नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात, आई शाळेत शिक्षिका. महिनाभर डोकं दुखतं म्हणून दादोसा तिला घेऊन सकाळी आले. मी तिला तपासलं. डोळे ठीक, रक्तदाब ठीक. वजन चार किलो कमी. मी दादोसांना बाहेर बसायला सांगितलं. वयात आलेल्या मुलांशी निदान दहा मिनिटं तरी एकट्याने बोलायचं, असा माझा शिरस्ता आहे.

पाच मिनिटं अभ्यासाचं बोलणं झालं. झोप नाही. भूक नाही. मैत्रिणीशी बोलणं बंद केलेलं. मी सरळ विचारलं, “नंदिनी, जगू नये असं वाटतं का?”

हा प्रश्न विचारायला पुष्कळ डॉक्टरही घाबरतात. विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार घुसेल असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. विचार नसेल तर मूल चमकून ‘नाही’ म्हणतं. असेल तर त्याला बाहेर यायला वाट मिळते. नंदिनीने माझ्याकडे पाहिलं आणि तिचे खांदे खाली आले, जणू खूप वेळ उचलून धरलेलं काही तिने खाली ठेवलं.

“हो,” ती म्हणाली.

“काही ठरवलं आहेस का?”

ती म्हणाली, “दादोसा की बंदूक.”

“ती कुलपात असते.”

“किल्ली देवघरात, तसबिरीच्या मागे. काडतुसांची गहू चाळायच्या खोलीत, वरच्या फळीवर. मी दुसरीत होते तेव्हापासून माहीत आहे.”

हे तेच घर, जिथे मी बंदुकीचे चार धडे घेतले होते. दोन कुलपं, दोन खोल्या, सगळं नियमाने. माझ्या सगळ्या पेशंटांत याच घराची मला कधी काळजी वाटली नव्हती.

आमच्या धंद्यात एक गोष्ट अनुभवाने कळते. असा विचार महिनोन् महिने मनात असला तरी तो अमलात आणायची ऊर्मी बहुधा थोड्या वेळाची असते. लाट यावी तशी येते आणि ओसरते. त्या वेळात हाताशी जीवघेणं काही नसलं तर मूल पलीकडे पोहोचतं. नंतर उपचार होतात, मूल बरं होतं. पण बंदूक हाताशी असली तर ‘नंतर’ उरत नाही. मोठ्या मुलांच्या घरात म्हणून कुलूप पुरत नाही. बंदूक घराबाहेरच जावी लागते.

मी नंदिनीला म्हटलं, “हे मी तुझ्या आईला सांगणार. ते मला लपवता येणार नाही, आणि ते मी तुला आधी सांगते आहे. आज तुला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन जाऊ.”

ती रडू लागली. “आईला सांगा. दादोसांना नका सांगू. प्लीज. मतलब... ते मला शेर म्हणतात.”

मी म्हटलं, “दादोसांना मी एवढंच सांगेन की बंदूक आज घरातून गेली पाहिजे. कारण सांगणार नाही.”

आईला फोन केला, ती शाळेतून निघाली. नंदिनीपाशी मंजूजींना बसवलं आणि मी बाहेर आले. दादोसा भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत उभे होते. मी त्यांना शेजारच्या खोलीत नेलं.

“दादोसा, तुमची बंदूक आजच्या आज घराबाहेर गेली पाहिजे. काडतुसांसकट. मला कारण विचारू नका.”

ती बंदूक त्यांच्या वडिलांची. मुलालाही त्यांनी कधी तिला हात लावू दिला नव्हता. मी मनात शब्द जुळवत होते. आता ते म्हणतील, माझ्या घरात दोन-दोन कुलपं आहेत. म्हणतील, दसरा तोंडावर आलाय. विचारतील, नंदिनीला काय झालंय.

त्यांनी विचारलं, “किती दिवसांसाठी?”

“माहीत नाही.”

“ठीक है,” ते म्हणाले. कोपऱ्यातल्या मडक्यातून पेलाभर पाणी घेतलं, उभ्यानेच प्यायले आणि निघाले.

परवाना असलेली बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक हत्यार-विक्रेत्याकडे जमा करता येते, पावती मिळते. हे पुष्कळांना ठाऊक नसतं. चारच्या आत दादोसा परतले. नंदिनी आणि तिची आई तेव्हा मनाच्या डॉक्टरांकडे होत्या. दादोसांनी विक्रेत्याची पावती माझ्या टेबलावर ठेवली. “कपाट उघडंच ठेवलंय,” ते म्हणाले. “कुणालाही दिसेल, आत काही नाही.” आणि ते निघून गेले.

मला वाटलं, शिस्तीचा माणूस आहे, हुकूम पाळला. किती कमी ओळखलं मी त्यांना.

नंदिनीचे उपचार सुरू झाले. औषधं, बोलणं, मध्ये एकदा पुन्हा घसरण. तिने त्या वर्षीची परीक्षा सोडली. दवाखान्यात यायची तेव्हा कधी चेहरा उजळलेला, कधी पुन्हा मिटलेला. उपचार असेच चालतात, पायरी-पायरीने आणि मध्येच दोन पायऱ्या खाली. तिने पुन्हा क्लासला जायला सुरुवात केली तेव्हा दादोसा तिच्याबरोबर जाऊ लागले. डॉक्टरांनी मला चालायला सांगितलंय, असं त्यांनी घरी जाहीर केलं. कुठल्या डॉक्टरांनी, ते मला कधी कळलं नाही. क्लाससमोरच्या चहाच्या टपरीवर वर्तमानपत्र घेऊन बसायचे. तीन तास. उन्हाळ्यातसुद्धा. टपरीवाल्याने त्यांच्यासाठी एक खुर्ची बाजूला ठेवली होती.

दसऱ्याला त्यांच्याकडे बंदुकीची पूजा झाली नाही. पुढे त्यांनी ती विकूनच टाकली आणि परवाना परत केला. नातेवाइकांत बरीच चर्चा झाली म्हणतात. त्यांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, “मुझसे संभलती नहीं थी.” सुभेदाराने असं म्हणावं!

दीड वर्षाने नंदिनी मला भेटायला आली. आता ती कॉलेजात होती, तिच्या आवडीचं वनस्पतिशास्त्र शिकत होती. म्हणाली, “काल मी दादोसांना सगळं सांगितलं. इतके दिवस लपवलं म्हणून माफी मागितली.”

“मग?”

“ते म्हणाले, मला त्याच दिवशी कळलं होतं, बेटा. डॉक्टरसाहेबांनी माझ्या बंदुकीला हद्दपार केलं, तेव्हा काय मी इतका मूर्ख होतो?” ती हसली आणि तिचे डोळे भरले. “मी विचारलं, मग तुम्ही मला कधी काही विचारलं का नाही? तर म्हणाले, तू मला ते सांगितलं नव्हतंस. तुझी गोष्ट तू सांगेपर्यंत माझी नव्हती.”

ती गेल्यावर मी पुढचा पेशंट आत घ्यायला थोडा वेळ घेतला. दीड वर्ष तो माणूस सगळं जाणून होता; आधी क्लासला, मग कॉलेजला रोज तिच्याबरोबर चालत होता, डॉक्टरांचं निमित्त सांगत. वडिलांची एकमेव निशाणी दुपारच्या चार तासांत देऊन आला आणि त्याने तिला त्याचं ओझंही जाणवू दिलं नाही. मी माणसांची शरीरं बघते. छातीतले ठोके मोजते. पण एका छातीत इतकी जागा कशी असते, ते मला कुणी शिकवलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळच्या गर्दीत मंजूजी आत आल्या. “दादोसाजी आए हैं. बरोबर मूल नाही. पेशंट कोण विचारलं तर म्हणतात, नंबर लावा, मी थांबतो.”

मी बाहेर डोकावले. तान्ह्या बाळांच्या, नाक वाहणाऱ्या पोरांच्या मधोमध ते ताठ बसले होते. एक रांगतं बाळ त्यांच्या मोजडीला धरून उभं राहायचा प्रयत्न करत होतं. मी त्यांना लगेच आत बोलावलं. ते आले नाहीत. त्यांच्या पुढे सहा नंबर होते, सहाही होऊ दिले.

मग आत आले, खुर्चीत बसले, काठी मांडीवर आडवी ठेवली.

“तब्येत कशी आहे?” मी विचारलं.

“चांगली.” मग म्हणाले, “आज ती कॉलेजला निघाली तेव्हा मी मोजडी घालत होतो. नंदिनी म्हणाली, दादोसा, आता तुम्ही घरी बसा. मी जाईन एकटी.”

त्यांनी खिशातून रुमाल काढला, पण डोळ्यांना लावला नाही, नुसता हातात धरून बसले.

“डॉक्टरसाब,” ते म्हणाले, “आज उसने मुझे छुट्टी दे दी.”